40 फुटांवर निघायचं

निशी-कासाई, टोकियो
24 मे

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आलंच पाणी तर वर जाऊन बसू, त्यात काय एवढं!" शेजारी आई होती म्हणून तेव्हा मी काही बोलले नाही. व्हॉट्सअॅपवर लांबलचक लिहिलं तर तुम्ही अर्ध्यात सोडता. पत्र मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचता. म्हणून हा कागद.

मी राहते तो एदोगावा वॉर्ड म्हणजे आपल्या सांगलीच्या गावभागाचाच भाऊ. अराकावा आणि एदोगावा या नद्या, समोर टोकियोची खाडी, आणि वॉर्डातली सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. अराकावाचं इथलं पात्रसुद्धा माणसांनी खोदलेलं आहे. 1910 च्या महापुरानंतर काम हाती घेतलं, पुरं झालं 1930 ला, कृष्णेवरचा आपला आयर्विन पूल बांधून झाला त्याच सुमारास. एवढं करूनही वॉर्ड ऑफिस निर्धास्त नाही. 2019 च्या मे महिन्यात, म्हणजे आपल्याकडे महापूर यायच्या तीन महिने आधी, त्यांनी घरोघरी पुराचा नकाशा वाटला. त्याच्या मुखपृष्ठावरच लिहिलंय की इथे थांबू नका. जवळजवळ सात लाख वस्तीला सरकारी कचेरीने असं तोंडावर सांगायचं, हे मला तरी नवीनच होतं. आत लिहिलंय की सगळ्यात वाईट वेळ आली तर काही भागात पाणी दहा मीटर किंवा त्याहूनही जास्त चढेल आणि एक-दोन आठवडे हटणार नाही. म्हणून वरच्या मजल्यावर जाऊन बसू नका, वॉर्डाबाहेर जा, तेही आधीच.

वर बसल्यावर माणूस बुडत नाही हे खरं. पण वीज नाही, नळाला पाणी नाही, संडासात पाणी उलटं चढतंय, फोनची बॅटरी संपलेली, रक्तदाबाची गोळी खालच्या कपाटात. 2019 ला तुमचं हेच झालं ना? खिडकीतून बोटवाल्यांना हाका मारायची वेळ तुमच्यावर पाणी लवकर चढल्यामुळे आली नाही. निघायचं कधी, हेच घरात कोणी ठरवलं नव्हतं. तुम्ही 2005 ची खूण धरून बसलात, "तेव्हा तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं." कृष्णामाईला ती पायरी कोण सांगणार? 2019 ला आयर्विनवर पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि 2021 च्या जुलैत पुन्हा 50 च्या पुढे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की उंबऱ्याकडे बघून ठरवायचं नाही, पुलावरच्या फुटांकडे बघून ठरवायचं, आणि तेही आत्ता, अंगण कोरडं असताना. आयर्विनची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. पाणी 35 ला पोचलं आणि वर कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की बॅगा भरायच्या. 40 ला आत्याकडे विश्रामबागला. ४० झाल्यावर चर्चा नको, "अजून दोन तास बघू" नको, आणि रात्र होणार असेल तर 38 लाच निघा. धरणातून सोडलेलं पाणी कराडवरून सांगलीत यायला वेळ लागतो. तो वेळ तुमच्या हातचा आहे, तो चहा पीत पूल बघण्यात घालवायचा नाही. (पूल बघायला जायची तुमची हौस मला ठाऊक आहे. जा, पण 35 च्या आत.)

इथे 2019 लाच ऑक्टोबरात मोठं वादळ आलं होतं. शनिवारी वादळ थडकणार, तर रेल्वे कंपन्यांनी शुक्रवारीच जाहीर केलं की उद्या गाड्या बंद. म्हणजे शेवटच्या दिवशी निघू म्हणणाऱ्याला वाहनच मिळालं नसतं. सांगलीत रिक्षांचं तसंच होतं, नाही का?

आता घरातलं. आई, हे तुझ्यासाठी.

इथे सरकार सांगतं की माणशी रोज तीन लिटर पाणी धरून किमान तीन दिवसांचं, जमलं तर आठवड्याचं पाणी घरात असावं. आमच्या फ्लॅटमध्ये कपाटाच्या तळाशी दोन लिटरच्या बाटल्या उभ्या असतात. जेवणखाण्याचं वेगळं कपाट केलेलं नाही. रोजचेच डबे थोडे जास्त भरायचे, जुनं पुढे आणि नवं मागे ठेवायचं, खाल्लं की तेवढंच आणायचं. संकटाचं म्हणून जे वेगळं ठेवतो ते तारीख उलटून जाईपर्यंत कोणी बघत नाही, हा इथला अनुभव. दुकानात "आपत्तीचा भात" म्हणून पाकिटं मिळतात. उकळतं पाणी घातलं तर पंधरा मिनिटांत, गार पाणी घातलं तर तासाभरात भात तयार. आमच्याकडे अडचण वेगळी. ह्यांना मासे चालत नाहीत, आणि इथे साध्या भाजीच्या रश्शातही माशाचं पाणी असतं. निवारा केंद्रात आपल्यासाठी कोण वेगळं शिजवणार? म्हणून माझ्या कपाटात तू पाठवलेलं मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पोहे आणि भडंग. चिनूला ते संकटासाठी आहे हे पटत नाही, शनिवारी डबा रिकामा असतो. म्हणून तर सारखं मागवते.

तुझं फडताळ तर आधीपासून असंच असतं. फक्त ते खालच्या खोलीत आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात पंधरा दिवसांचा शिधा वर चढवून घे, आणि त्यात न शिजवता खाता येईल असं काही असू दे: भडंग, सातूचं पीठ, लाडू, गूळ-शेंगदाणे. निघताना गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर वर न्या, नाही जमलं तर खिडकीच्या गजाला बांधून ठेवा. अर्धा रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि धडका देत फिरतो. मेन स्विच बंद करूनच दार ओढायचं. इन्व्हर्टरची बॅटरी या वर्षी तरी फळीवर जाऊ दे, बाबा, सुताराला बोलवा.

पूर ओसरल्यावरचं पाणी तुरटी फिरवून पिऊ नका. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. उकळायचं, नाहीतर मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरीनच्या औषधाचे, थेंब बाटलीवर लिहिलेत तेवढे घालून अर्धा तास थांबायचं. आणि अनवाणी चिखल काढायला उतरायचं नाही. पायाला जखम असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची, गोळी घ्यायची की नाही, ते त्यांना ठरवू दे.

संडासाचं कोणी बोलत नाही, पण इथे त्याचाही हिशेब असतो. माणशी दिवसाला पाच वेळा, आठवड्याच्या 35 पिशव्या. पिशवीत पूड असते, ती ओल धरते, मग पिशवी बांधून ठेवायची. भूकंपानंतर नळ्या फुटल्यात का हे कळेपर्यंत उंच इमारतीत फ्लश ओढायचाच नाही, नाहीतर खालच्यांच्या घरात जातं. तुम्हाला त्या पिशव्या नकोत, पण जाड काळ्या पिशव्या, एक झाकणाची बादली आणि लाकडाचा भुसा आत्याकडे नेऊन ठेवला तर एवढी माणसं तिच्याकडे उतरल्यावर तिची पंचाईत होणार नाही.

कागदांची पिशवी अशी करा. आधार, रेशनकार्ड, पासबुकं, घरपट्टीची पावती, गॅसचं पुस्तक आणि तुम्हा दोघांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं झिपच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. सोबत महिन्याभराच्या गोळ्या आणि आईचा जुना चष्मा. रोख पैसेही, आणि तेही दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. हल्ली भाजीवालासुद्धा मोबाइलवर पैसे घेतो, पण वीज आणि रेंज गेली की ते यंत्र गप्प. पाचशेची नोट दाखवली तर सुटे कोण देणार?

फोनचंही ठरवू. इथे मोठ्या भूकंपात 171 नंबर लावून आपल्या घरच्या नंबरावर निरोप रेकॉर्ड करून ठेवता येतो, दुसरा कोणी तोच नंबर टाकून तो ऐकतो. दर महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला सराव करायची मुभा असते. चिनू ते फार इमानेइतबारे करतो, आणि निरोपात आपल्या गृहपाठाच्या तक्रारी सांगतो. तुमच्याकडे तशी सोय नाही, पण पुण्याचा दादा आहे. गावातले फोन एकमेकांना लागत नसले तरी बाहेरगावी लागण्याची शक्यता जास्त. म्हणून आत्या, तुम्ही, मी, सगळ्यांनी निरोप दादाकडे ठेवायचा, आणि त्याचा नंबर पाठ करायचा. पाठ, बरं का! फोनमध्ये साठवलेला नाही.

इथे भूकंप तर असतोच. कपाटं छतापर्यंत दांड्या लावून आवळलेली, टीव्हीखाली चिकट पॅड. मोठा हादरा बसला की गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. मग सगळ्या शेगड्या बंद करून, मीटरचं झाकण फिरवून बटण दाबायचं आणि तीन मिनिटं थांबायचं. आल्या आल्या घरमालकीणबाईंनी मला ते स्वतः करून दाखवलं होतं. माझ्या डोक्यात तेव्हा 1967 चं कोयना होतं. आजी सांगायची ना, भांडी कशी आपोआप खडखडली ते. आपल्या माजघरातलं शिसवी कपाटही भिंतीला कोयंड्याने बांधून घ्या, सुतार येणारच आहे.

शेवटचं काम बाबांचं, आणि ते तुम्हालाच जमेल. 1995 ला कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं, अग्निशमन दल नंतर पोचलं. त्यामुळे इथल्या वस्तीमंडळाकडे यादी असते: कोण एकटं राहतं, कोणाला चालता येत नाही, कोणाकडे ऑक्सिजन यंत्र आहे. आपल्या गल्लीत 2019 ला तरुण मंडळाच्या पोरांनी हवा भरलेल्या ट्यूबा घेऊन माणसं काढली, ती पोरं आता संसाराला लागली असतील. त्यांना एक संध्याकाळ बोलवा, चहा पाजा आणि यादी करा. कोपऱ्यावरच्या आजी, वाड्यातल्या मागच्या खोलीतले गुरुजी, आणि ती नवीन भाडेकरू मुलगी जिला सांगलीचं पाणी ठाऊक नाही. 35 फुटांना कोणी कोणाच्या दारावर थाप मारायची, ते नावानिशी लिहा. यादी मारुतीच्या देवळात लावा, नाहीतर तुमच्या खिशात राहील.

आत्याला मी कालच फोन केला. ती म्हणाली, "त्याला सांग, 40 चं कशाला, 30 लाच ये, पत्ते खेळायला चौथा भिडू हवाय." वरची खोली ती या रविवारी झाडून घेणार आहे. तुम्ही पहिली खेप म्हणून आजोबांच्या पोथ्या आणि आईच्या पैठण्या तिकडे ठेवून या, पाऊस सुरू व्हायच्या आत.

भडंग संपत आलंय. या खेपेला तिखट कमी, चिनूच्या मित्रांनाही लागतं.

तुमची,
मनू