आमच्या आर्किटेक्ट मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

शेवटचे बिल चुकते झाले की घरमालक आणि आर्किटेक्ट यांचा संबंध बहुधा संपतो. पुढे भिंतीला ओल आली तरच पुन्हा फोन जातो. घराच्या दुरुस्तीनंतर आमच्याकडे एक पावसाळा कोरडा गेला आहे, आणि आभार मानायला याहून चांगले निमित्त आम्हां उभयतांना सुचत नाही. आपले नाव छापू नये ही आपली इच्छा असल्याने ते येथे घेतलेले नाही.

विलेपार्ले पूर्वेतील आमची इमारत १९६८ सालची, तळमजला अधिक तीन मजल्यांची. आपल्याकडे येण्यापूर्वी आमच्या हाती दोन कंत्राटदारांची कोटेशने होती. दोन्हींत प्रति चौरस फूट एक रक्कम आणि खाली ‘सगळे धरून’ असा शेरा होता. पण त्या सगळ्यात नळाच्या जुन्या पायपा, डेब्रिज (पाडकामाचा राडारोडा) खाली उतरवण्याची मजुरी किंवा कपाटांच्या आतले लॅमिनेट येते की नाही, याचा पत्ता नव्हता. आपण भाव विचारण्याआधी काय करायचे ते ठरवायला लावलेत. लादी चौरस फुटांत, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची लादीची पट्टी) रनिंग फुटांत, विजेचे पॉइंट नगावर अशी बाबवार यादी तयार केलीत आणि तीच यादी तीन कंत्राटदारांना देऊन दर मागवलेत. सर्वांत कमी दराचा कंत्राटदार आपण सुचवला नाहीत, आणि त्याचे कारणही लेखी दिलेत: पाडकाम आणि वॉटरप्रूफिंग या दोन बाबींचे दर त्याने इतके खाली लावले होते की ते काम त्या पैशांत नीट होणे शक्य नव्हते आणि उरलेली रक्कम पुढे ‘एक्स्ट्रा’ म्हणून निघाली असती. करारात आपण घातलेली अट, की जादा कामाचा दर आधी लेखी मंजूर झाल्याशिवाय ते काम सुरू होणार नाही, हीच पुढे आमच्या आणि कंत्राटदाराच्या गोड संबंधांचे कारण ठरली.

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढून टाकावी, अशी आमच्या मुलाची फार इच्छा होती, आणि एका कंत्राटदाराने ‘दोन दिवसांत उडवतो’ असे सांगूनही टाकले होते. आपण दाराच्या चौकटीपाशी टेप लावलीत. भिंत नऊ इंच भरली. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करून घ्यावे लागते. आमच्या सोसायटीचा तो अहवाल आपण कार्यालयातून मागवून वाचलात आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरलाही घरी आणलेत. या इमारतीला कॉलम (खांब) नाहीत, वरच्या स्लॅबचा भार याच विटांच्या भिंतींवर आहे, त्यामुळे आमची भिंत म्हणजे वरच्या मजल्यांवरील कुटुंबांचा आधार आहे, हे आपण मुलाला कागदावर रेघा ओढून समजावलेत. चार-साडेचार इंची पार्टिशन आणि भार वाहणारी भिंत यांतला हा फरक समजावून सांगणारी व्यक्ती कामाच्या पैशांवर नफा कमावणारी नसावी, असे माझे आता ठाम मत झाले आहे. अखेर भिंत राहिली. दाराची झडप काढून तेवढीच चौकट मोकळी ठेवली, आणि मुलाची नाराजी नव्या सोफ्यावर भागली.

ओट्याचा प्रसंग तर सौ. अजून येईल-जाईल त्याला सांगते. नकाशावर उंची लिहून आपण मोकळ्या झाल्या नाहीत. विटा रचून त्यावर प्लायवूडची फळी ठेवलीत, पोळपाट-लाटणे मागितलेत आणि तिला खरोखरच पोळ्या लाटायला लावल्यात. एकेक वीट वाढवत, खांदे वर उचलले जात नाहीत आणि कंबर वाकत नाही अशी उंची सापडली, तेव्हाच कडाप्प्याचे माप मिस्त्रींना दिले गेले. घरात ओट्याशी सर्वाधिक वेळ उभे राहणाऱ्या माणसाला एवढ्या गांभीर्याने विचारणे ही गोष्ट, खरे सांगायचे तर, आम्हां घरच्यांनाही आजवर सुचली नव्हती.

न्हाणीघराच्या बाबतीत आपली कडक शिस्त मुकादमांना जाचक वाटली असावी. जुनी लादी आणि खालचा कोबा उखडून, नहाणी ट्रॅप (पाणी वाहून जाण्याचे जाळीचे तोंड) बदलून, नवा ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा आणि त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर झाल्यावर आपण ट्रॅपचे तोंड बंद करून पाणी साठवायला लावलेत. मुकादम ‘आजच लादी बसवून टाकतो, मॅडम’ म्हणत होते, पण आपण पूर्ण ४८ तास थांबलात आणि मग आमच्या न्हाणीघरात नव्हे, तर खालच्या मजल्यावरील काकूंच्या घरी जाऊन त्यांच्या छताला हात लावून पाहिलेत. त्या घराशी आमचे गळतीवरून जुने बोलणे होते; ते त्या दिवशी मिटले.

प्लायवूड आले तेव्हा आपण एकेक फळी उलटवून शिक्का वाचत होतात: सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१०, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्लाय, बाकीच्यांना आयएस ३०३, म्हणजे सर्वसाधारण वापराचे. दुकानदाराकडून कमिशन घेत नसल्याचे आपण पहिल्याच भेटीत सांगितले होते, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून काढलेले पायपांचे आणि वायरिंगचे फोटो आमच्या फाइलमध्ये आहेत. खिळा ठोकायचा झाला तरी आम्ही आधी ती फाइल उघडतो.

कंत्राटदार आणि त्यांच्या मिस्त्रींचेही आभार मानणे योग्य होईल. करारानुसार राखून ठेवलेली पाच टक्के रक्कम पाऊस संपल्यावर आम्ही दिली, तेव्हा त्यांनी स्वतः खिडक्यांच्या कडा तपासल्या आणि एका ठिकाणी सिलिकॉन पुन्हा भरून दिले.

आमच्याच जिन्यातील दुसऱ्या मजल्यावरील शेजाऱ्यांना आपला क्रमांक दिला आहे. त्यांना स्वयंपाकघर बाल्कनीत न्यायचे आहे. मी काहीही बोललेलो नाही. ते जमेल की नाही, हे आपणच सांगावे.

आपला नम्र,
एक पार्लेकर