वास्तू कागदावर ठरते, तिचा उपयोग सभागृहात

सोलापूर

चि. मृण्मयी हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वास्तुशास्त्राची पदवी घेऊन नगरसेवकपदासाठी उभे राहिले तर शिकलेले सारे वाया जाईल का, असे तू विचारले आहेस. मला ते वाया जाईल असे वाटत नाही, आणि का, ते न्यूझीलंडचे वास्तुविशारद विल्यम मेसन यांच्या आयुष्यावरून सांगतो.

1810 साली इंग्लंडमधील इप्सविच येथे जन्मलेले मेसन सिडनीमार्गे 1840 मध्ये न्यूझीलंडला पोहोचले, तेव्हा ब्रिटिश आणि तिथले मूळ रहिवासी माओरी यांच्यातील वैतांगीचा करार होऊन काही आठवडेच झाले होते, आणि ते नव्या ब्रिटिश सरकारचे बांधकाम अधीक्षक होते. ऑकलंड वसले ती जमीन न्गाती व्हातुआ या माओरी लोकांची होती. 1930 चा मार्शल लॉ पाहिलेल्या, चार हुतात्म्यांच्या या गावातील माणसाने ही गोष्ट नजरेआड करू नये, असे मी मानतो. मेसन यांनी ऑकलंडमध्ये गव्हर्नरसाठी बांधलेले, 1856 चे घर लांबून दगडी वाटते, पण आहे लाकडी. आज ते ऑकलंड विद्यापीठाकडे आहे.

मला अधिक मोलाची वाटते ती त्यांची पुढची वर्षे. 1861 मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील ओटागो प्रांतात सोने सापडले, माणसांचे लोंढे आले आणि तिथले चिखलाच्या रस्त्यांचे डनेडिन शहर पाहता पाहता फुगले. मेसन 1862 मध्ये तिथे गेले, 1865 मध्ये शहराचे पहिले महापौर झाले आणि त्याच दशकात संसदेतही बसले. त्याच 1865 सालच्या औद्योगिक प्रदर्शनाची इमारत त्यांच्याच आराखड्यानुसार उभी राहिली होती. प्रदर्शन संपल्यावर तिथे रुग्णालय आले. टपाल कार्यालय म्हणून त्यांनी रेखाटलेली भव्य वास्तू आधी संग्रहालयासाठी वापरली गेली आणि 1871 मध्ये ओटागो विद्यापीठाचे पहिले वर्ग तिथेच भरले. ती 1969 मध्ये पाडली, याचे मला फार वाईट वाटते.

यात तुझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. वास्तुविशारद खिडकी कुठे हवी ते ठरवतो, पण त्या भिंतींआड खाटा असाव्यात की बाके, हे शहराच्या गरजा, पैसा आणि सभागृहातील मतदान ठरवते. आपल्या सोलापुरातले अप्पासाहेब वारदांचे इंद्रभुवन राहते घर म्हणून उभारलेले. आज तेथून महापालिका चालते. अशा निर्णयांच्या वेळी नकाशा वाचता येणारे, भार पेलणारी भिंत आणि नुसता आडोसा यांतला फरक जाणणारे माणूस सभागृहात असले, तर आपल्या शहराचा पैसा आणि वास्तू दोन्ही वाचतील, असा माझा विश्वास आहे.

अर्ज भरण्याचे ठरवण्याआधी मात्र महापालिकेचे अंदाजपत्रक पहिल्या पानापासून वाच, आणि बांधकामाच्या तरतुदींबद्दल तुला काय वाटते ते मला सविस्तर कळव.

तुझे बाबा