पेन्सिलीच्या फुलीवर केलेली सही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘अनसेन’ या इंग्रजी चित्रपटाविषयी आलेला लेख वाचला. स्टीव्हन सोडरबर्ग यांनी २०१८ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट आयफोनवर चित्रित केला, याचे लेखकाने कौतुक केले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्याकडे आरोग्य विम्याचा तसा पसारा नसल्याने असे काही येथे घडणे शक्य नाही, असा जो निष्कर्ष शेवटी काढला आहे, तो मला मान्य नाही आणि त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

पाठलाग करणाऱ्या एका माणसाच्या धास्तीने शहर सोडून आलेली नायिका समुपदेशनासाठी रुग्णालयात जाते, पुढे सरकवलेले कागद नेहमीचेच समजून सही करते आणि त्या सहीमुळे स्वेच्छेने दाखल झालेली रुग्ण ठरते. २४ तासांचे पुढे सात दिवस होतात. पोलीस येतात, सही पाहतात आणि निघून जातात. विम्याचे पैसे संपेपर्यंत माणसे ठेवून घ्यायची हा तेथील धंदा असल्याचे तिला सोबतचा रुग्ण सांगतो. नंतरचा थरार मला तितका महत्त्वाचा वाटला नाही; माझे मन त्या सहीपाशीच अडकून राहिले.

माझी आत्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. यजमान गेल्यावर तिची झोप उडाली, जेवण तुटले, नागपुरातल्या महाल भागातील घरात ती रात्रभर दिवे लावून बसून राहू लागली. तिला उपचारांची गरज होती, हे मी आजही नाकारत नाही. घरच्यांनी “डॉक्टरांना नुसतं दाखवून येऊ” म्हणून तिला एका खासगी रुग्णालयात नेले आणि तेथेच ठेवून ते परतले. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, “अरे, मी सही कशावर केली, तेवढं वाचून सांगशील का? माझा चष्मा घरीच राहिला होता.”

बरीच विनवणी केल्यावर मला ते कागद पाहायला मिळाले, प्रत मात्र मिळाली नाही. तीन पाने, सगळी इंग्रजीत, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी पेन्सिलीने केलेली बारीक फुली. त्या फुलीवर, वर्षानुवर्षे मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर केलेली, आत्याची तीच वळणदार सही. मी बँकेत ३२ वर्षे नोकरी केली आहे. कर्जाच्या कागदांवर अशाच फुल्या मारून मी स्वतः किती जणांच्या सह्या घेतल्या असतील, याची गणती नाही. त्यामुळे ती फुली पाहून मला रागाइतकीच शरमही वाटली.

केसपेपरवर रोज एकच ओळ होती: ‘घरी जाण्याचा हट्ट करते.’ तिची मागणी हेच आजाराचे लक्षण होऊन बसले होते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनहान यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रुग्ण म्हणून दाखल झालेल्या धडधाकट माणसांचे टिपणे काढणेही नोंदींमध्ये लक्षणासारखे लिहिले गेल्याचे म्हटले होते. त्या अभ्यासाच्या विश्वासार्हतेवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले, हे खरे. पण केसपेपरवरची ती ओळ मी माझ्या डोळ्यांनी वाचली आहे.

एका ओळखीच्या वकिलांनी मार्ग दाखवला. २९ मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य कायद्यात स्वतःच्या इच्छेने दाखल झालेल्या व्यक्तीला ‘स्वतंत्र रुग्ण’ मानले आहे. कलम ८८ नुसार अशा व्यक्तीने जायचे म्हटले की तिला सोडावे लागते. तिला निर्णयाचा अर्थ कळत नाही किंवा तिच्याकडून इजा होण्याचा धोका आहे, असे तज्ज्ञांना वाटले तरी तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येते. त्यापुढे ठेवायचे असेल तर कलम ८९ लागू होते. त्यासाठी रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे त्याच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीचा, अर्ज आणि दोघांनी स्वतंत्रपणे केलेली तपासणी लागते, त्या दोघांपैकी एक मनोविकारतज्ज्ञच असावा लागतो, मुदत ३० दिवसांपलीकडे जात नाही आणि रुग्ण स्त्री असेल तर अशा दाखल्यांची फेरतपासणी करणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाला तीन दिवसांत कळवणे बंधनकारक असते. आत्याने वहीच्या पानावर मराठीत चार ओळींचा अर्ज लिहिला, मी त्याची पोच घेतली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली. औषधे तिने पुढे वर्षभर न चुकता घेतली.

चित्रपटात पैसा विमा कंपनीकडून येतो. आपल्याकडे दाखल करणारेही घरचे आणि बिल भरणारेही घरचेच असतात, त्यामुळे आतल्या माणसाने दाद कुणाकडे मागायची, हा प्रश्न अधिकच बिकट होतो. शिवाय याच कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. तो हक्क मोलाचा आहे, पण मग लेखकाने दिलेला विम्याचा आधारही उरत नाही.

असा चित्रपट पाहून कुणी उपचारांकडेच पाठ फिरवू नये, ही काळजीही मला वाटते. आपल्या शहरातील प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे आहे, तरीही त्याच्या जवळचा चौक लोकांच्या तोंडी आजही ‘पागलखाना चौक’च आहे. आत्या परत आल्यावर शेजाऱ्यांनी दबक्या आवाजात तोच शब्द उच्चारला होता, आणि त्यानंतर कित्येक महिने ती गच्चीवर वाळवण घालायलासुद्धा गेली नाही.

आपणास विनंती आहे की, कलम ८६ ते ८९ यांचा मराठी मजकूर पुरवणीत ठळकपणे छापावा. दाखल करतानाचा अर्ज रुग्णाला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा आणि त्याची प्रत त्याच्याच हातात द्यावी, असा आग्रहही आपण अग्रलेखातून धरावा. आत्याला तिच्या सहीच्या कागदांची प्रत आजतागायत मिळालेली नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर
(विनंतीवरून नाव प्रसिद्ध केलेले नाही.)