लॅबमधल्या काकांना, त्या एका वायरसाठी

काका, नमस्कार. थर्ड इयरला ऑप-अँपवर (व्होल्टेजची बेरीज वगैरे करणारी चिप) स्प्रिंगचं मॉडेल करत तुमची लॅब रोज उशिरापर्यंत अडवून बसणारा तो मुलगा मीच. सबमिशनच्या गडबडीत थँक्यू म्हणायचं राहिलं ते राहिलंच, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, स्प्रिंगला वजन लटकवून ओढून सोडलं की ते वरखाली होत होत थांबतं ना, तेच व्होल्टेजने करून दाखवायचं होतं. प्रवेग म्हणून एक व्होल्टेज, ते एका इंटिग्रेटरमधून (व्होल्टेज वेळेनुसार साठवत जाणारं ऑप-अँपचं सर्किट) गेलं की वेग, दुसऱ्यातून गेलं की जागा, आणि मग वेग आणि जागा ठराविक प्रमाणात मागे आणून बेरीज केली की परत तोच प्रवेग, झालं वर्तुळ पूर्ण. (ऑप-अँपमधलं 'ऑपरेशनल' म्हणजे ह्याच गणिती क्रिया, नाव 1947 सालचं, हे मला पास झाल्यावर कळलं!) फक्त प्रत्येक टप्प्याला चिन्ह उलटं होतं, सगळी भानगड तिथेच. इंटिग्रेटरला 1 मेगओहमचा रेझिस्टर आणि 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला की एक हेलकावा साधारण 6.28 सेकंदांचा, सीआरओवरचा (व्होल्टेज स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) ठिपका आरामात वर जाताना खाली येताना दिसतो.

माझा ठिपका थांबायचं नावच घेईना. दर फेरीला अजून थोडा वर, अजून थोडा खाली, शेवटी 12 व्होल्टच्या सप्लायला टेकायच्या आधीच सपाट. दोन दिवस मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेले 741 (हेच ते ऑप-अँप) बदलत बसलो, ब्रेडबोर्ड बदलला, मित्र म्हणाला सप्लायच गंडलाय, आणि आमच्या गाईडने तर सरळ सांगितलं की सिम्युलेशनचा स्क्रीनशॉट चिकटव आणि मोकळा हो.

तुम्ही लॅब बंद करायला किल्ल्या घेऊन आलात. एक मिनिट नुसतं बघितलंत आणि विचारलंत, "वेगाची वायर कुठून घेतलीस?" मी म्हटलं पहिल्या इंटिग्रेटरच्या आउटपुटवरून, डायरेक्ट. तुम्ही हसलात. "अरे मग तू झोपाळ्याला ब्रेक लावत नाहीयेस, दर वेळी मागून धक्का देतोयस."

वेगाचं चिन्ह परत उलटं करायला एक इन्व्हर्टर, म्हणजे अजून एक ऑप-अँप, 10 के चे दोन रेझिस्टर, पाच मिनिटं. ठिपका लहान लहान होत मधे येऊन बसला आणि मी खरंच ओरडलो.

वर तुम्ही सीआरओचा नॉब एक्स-वाय वर फिरवलात, एकीकडे जागा, दुसरीकडे वेग, आणि ठिपका स्क्रीनवर चकली पाडत आत आत सरकायला लागला. व्हायवाला मी तीच दाखवली. पुस्तकातलं डँपिंग, म्हणजे हेलकावे विरत जाणं, तोपर्यंत माझ्यासाठी फक्त एक ग्रीक अक्षर होतं हो.

आणि माझे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघून कपाळाला हात लावलात तेही आठवतंय. "ह्याला प्लस-मायनस असतं, तुझं व्होल्टेज तर दोन्हीकडे जाणार, आणि हे लीक होतात ते वेगळंच." मग तुमच्या ड्रॉवरमधून दोन पॉलिस्टरवाले काढून दिलेत.

ते दोन्ही अजून माझ्याकडेच आहेत काका, बोर्डसकट. स्टॉक रजिस्टरला लिहिलेले असतील तर सांगा, पुढच्या वेळी पुण्यात आलो की आणून देतो.