हाडासाठी ‘इपीओ’ मागू नका

फ्रॅक्चर लवकर जुळण्यासाठी एरिथ्रोपोएटिनची (‘इपीओ’ची) इंजेक्शने उपयोगी ठरतील, असे सुचवणारा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. त्यात अर्धीच बाजू आली आहे. मूत्रपिंडात तयार होणारे हे संप्रेरक अस्थिमज्जेत लाल पेशी वाढवते. उंदरांच्या मोडलेल्या मांडीच्या हाडात त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटून जुळणी लवकर झाली, हे खरे. पण न मोडलेल्या हाडावर उलट परिणाम दिसतो. जास्त मात्रा दिलेल्या उंदरांत हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी वाढल्या आणि हाडाचा आतला जाळीदार भाग विरळ झाला. आधीच हाडे ठिसूळ असलेल्या ज्येष्ठांसाठी ही बाब किरकोळ नाही.

त्याहून मोठा धोका गुठळ्यांचा. पाय प्लास्टरमध्ये आणि रुग्ण अंथरुणावर असताना शिरेत गुठळी होण्याची शक्यता मुळातच जास्त असते. रक्त दाट करणारे हे औषध त्यात भर घालते. मूत्रपिंडाच्या रुग्णांतही हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या वर नेऊ पाहिल्यास पक्षाघात, हृदयविकार आणि मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर छापायला लावला आहे.

डायलिसिसच्या रुग्णांना हे इंजेक्शन सर्रास दिले जाते, म्हणून ते हाडासाठीही निर्धोक ठरत नाही. जुळणी रखडली असेल तर आधी हाडाची स्थिरता, जंतुसंसर्ग, रक्तातील साखर आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्यावे, तंबाखू पूर्ण थांबवावी.

– एक अस्थिरोगतज्ज्ञ, पुणे