कॅमेरा निवडताना: चि. अनिरुद्धास पत्र

इंदूर

चि. अनिरुद्ध यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा घ्यावा असा तुझा कल दिसतो आणि पैसे देण्यास माझी तयारी आहे. परंतु ज्या गच्चीवरून तू तेजोमेघांची छायाचित्रे घेणार आहेस ती इंदूरच्या भर वस्तीत आहे, हे निवड करताना सर्वांत आधी ध्यानात घ्यावे.

गर्द अंधाऱ्या आकाशापेक्षा शहराचे आकाश ४ प्रतींनी (प्रत म्हणजे खगोलशास्त्रात तेज मोजण्याचे माप) उजळ असले, म्हणजे ते सुमारे ४० पट उजळ झाले. अंधुक तेजोमेघाचे जे चित्र तिथे तासाभरात साधते, त्याच दर्जासाठी इथे जवळजवळ ४० तासांचा प्रकाश गोळा करावा लागतो आणि महागड्या सेन्सरने ही तूट भरून निघत नाही. नको असलेला प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचू न देणे, हाच खरा उपाय आहे. तेजोमेघातील हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीला आणि ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरला चमकतो. ड्युअल-बँड फिल्टर तेवढेच दोन पट्टे आत सोडतो आणि एलईडी दिव्यांचा बहुतेक उजेड अडवतो. मात्र नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे बसवलेली काच हायड्रोजनचा तो तांबडा प्रकाशच मोठ्या प्रमाणात रोखते. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप करायचा, तेच हातचे जाते.

म्हणून माझे मत सोनीच्या आयएमएक्स ५३३ सेन्सरच्या, शीतकरण (सेन्सर थंड ठेवून चित्रातील गोंगाट कमी करण्याची सोय) असलेल्या रंगीत खगोल-कॅमेऱ्याला आहे. तो ९ मेगापिक्सेलचाच असला तरी तुझ्या २५० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर आकाशाचे सुमारे २.६ अंशांचे क्षेत्र देतो, ज्यात रोझेट तेजोमेघ सहज मावतो. शिवाय क्षेत्र जितके मोठे, तितका शहराच्या उजेडाचा असमान थर नंतर काढणे कठीण होते. शहरात शीतकरण अनावश्यक आहे असे म्हणतात आणि जानेवारीत ते बहुतांशी खरेही आहे, पण आपल्याकडच्या मे महिन्यातील रात्रींसाठी मी ते मान्य करणार नाही. शिवाय तापमान ठरावीक ठेवता आल्याने डार्क फ्रेम (सेन्सरचा स्वतःचा गोंगाट चित्रातून वजा करण्यासाठीची काळी छायाचित्रे) पावसाळ्यात घरात बसून, झाकण लावून घेता येतात आणि पुढे कित्येक महिने वापरता येतात.

कृष्णधवल कॅमेरा अधिक संवेदनशील खरा, परंतु रंगीत चित्रासाठी त्याला लागणाऱ्या वेगवेगळ्या फिल्टरांचा खर्च आत्ताच नको.

दीर्घिकांना हा फिल्टर उपयोगी नाही, कारण ताऱ्यांचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो. देवयानी दीर्घिकेसाठी फिल्टर काढून महूपलीकडे जानापावच्या बाजूला जावे लागेल. मामाला बरोबर घे, एकटा जाऊ नकोस.

मागणी नोंदवण्यापूर्वी तुझ्या फ्लॅटनरपासून (प्रतिमा कडेपर्यंत रेखीव ठेवणाऱ्या भिंगापासून) सेन्सरपर्यंत किती अंतर हवे ते विक्रेत्याला विचारून घे. बहुधा ते ५५ मिमी असते, पण फिल्टरच्या काचेमुळे तिच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश इतकी भर त्यात घालावी लागते. त्यासाठीच्या पातळ रिंगा त्याच मागणीत मागव.

तुझी,
आई