माहितीचेही चावडी वाचन व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रशासनात ‘बिग डेटा’ म्हणजे माहितीचे प्रचंड साठे वापरण्याविषयी अलीकडे बरेच छापून येते, म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याचे मत कळवीत आहे. खेड्यात या गोष्टीला सरसकट विरोध आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. 2021 मध्ये मोबाइल अॅपवरून पीक नोंदवण्याची ई-पीक पाहणी सुरू झाल्यापासून मी माझा पीकपेरा बांधावर उभा राहून स्वतः नोंदवतो आणि ती सोय मला पटलेली आहे. (रेंजसाठी विहिरीच्या कठड्यावर चढावे लागते, तो भाग वेगळा.)

अडचण सुरू होते ती नोंद चुकल्यावर. गेल्या खरिपात माझ्या शेतात पऱ्हाटी (कपाशी) आणि तिच्यात तुरीचे तास उभे असताना नोंदीत मात्र सोयाबीन दिसू लागले. उपटलेले झाड घेऊन कार्यालयात गेलो, तर ‘सिस्टीममध्ये असेच आहे’ एवढेच उत्तर मिळाले. समोरचा माणूस खोटा आणि पडद्यावरची ओळ खरी, ही वृत्ती मला माहितीच्या साठ्यापेक्षा अधिक धोक्याची वाटते.

पावसाचेही तसेच आहे. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते. पण पर्जन्यमापक एका ठिकाणी, मंडळात गावे अनेक, आणि आमच्याकडचा पाऊस नाल्याच्या एका काठाला जमीन खरडून नेतो, तर दुसऱ्या काठाला धूळही बसवत नाही.

अॅग्रीस्टॅक या शेतकऱ्यांच्या माहितीच्या सरकारी डिजिटल व्यवस्थेतील शेतकरी ओळख क्रमांकाने आता जमीन आणि आधार एकमेकांना जोडले गेले आहेत. शिबिरात ओटीपी सांगणाऱ्या किती जणांना ही माहिती पुढे कोण पाहणार हे ठाऊक होते? 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. मात्र तो कोणाच्या टेबलावर बजावायचा, हे गावात कोणी सांगत नाही.

सातबारे गावासमोर वाचून दाखवण्याची चावडी वाचनाची पद्धत महसूल खात्याला नवी नाही. ज्या माहितीवरून अनुदान, विमा वा नुकसानभरपाई ठरणार, ती निर्णयाआधी त्याच रीतीने वाचली जावी, नाव वगळल्यास कारण लेखी मिळावे आणि स्थळपाहणी करून दुरुस्ती करण्याचा अधिकार ग्राम महसूल अधिकाऱ्याला (पूर्वीच्या तलाठ्याला) असावा. आमच्या गावी असे वाचन झाले, तर पहिली हरकत माझ्याच शेताच्या गट क्रमांकाची असेल.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ